वटारला ठेवलेला जबडा

वसईकडे माणसं किल्ला बघायला जातात, समुद्रावर जातात, अलीकडे बरीचशी फ्लॅट बघायला जातात. मी गेलो होतो एक जबडा आणायला. कित्येक कोटी वर्षांपूर्वी मेलेल्या, मागच्या दोन पायांवर चालणाऱ्या, मांस खाणाऱ्या डायनासोरचा जबडा. "ह्या वयात दातांसाठी इतक्या लांब?" असं म्हणून आमच्या सौभाग्यवतींनी माझ्या कवळीकडे बघितलं होतं. जाताना मलाही हसू आलं होतं. परत येऊन तीन आठवडे झाले, आता येत नाही.

आधी थोडं मागचं सांगतो. मी वरोऱ्याचा, जिल्हा चंद्रपूर. आमच्या तालुक्यात पिसदुरा नावाचं गाव आहे. त्याच्या शिवारात नांगराच्या फाळाला डायनासोरची हाडं लागतात. हाडांपेक्षा जास्त मिळते ती त्यांची विष्ठा, दगड झालेली. मी आणि इनास रुमाव, एकाच शाळेतले दोन मास्तर, वीस-बावीस वर्षं दर रविवारी ती वेचत फिरलो. गावात आम्हाला 'शेणवेचे मास्तर' म्हणत. हाड आहे की दगड हे ओळखायची आमची रीत सोपी होती, जिभेला लावून बघायचं. हाडाला बारीक भोकं असतात, ते जिभेला चिकटतं, दगड चिकटत नाही. भर उन्हात दोन प्रौढ शिक्षक शेतातले खडे चाटताना पाहून लोक काय म्हणत असतील ते सांगायला नको.

रुमाव मूळचा वसईजवळच्या वटारचा. तिथल्या ख्रिस्ती वाडीवाल्या बागायतदारांपैकी. विज्ञान शिकवायला म्हणून आमच्याकडे आला आणि बायको मार्थासह एकोणतीस वर्षं राहिला. एका रविवारी नाल्याच्या काठावर त्याला तो सापडला: ओंजळीत मावेल एवढा चुनखडीचा गोळा आणि त्यातून डोकावणारे तीन दात. मागे वळलेले, धारेला करवतीसारखे बारीक काकर असलेले. गुजरातेत राजासॉरस नावाचा प्राणी सापडला आहे, त्याच्याच कुळातला हा असावा असा आमचा अंदाज. अंदाजच म्हणायचा, कारण आम्ही तो कोणाला दाखवला नाही.

हे 'आम्ही' मी सोयीनं लिहितो. रुमाव म्हणाला होता, उद्याच नागपूरला, अभ्यासकांकडे नेऊन देऊ. मीच म्हटलं, असा गोळा दिला तर ते साफ करतील आणि खाली स्वतःचं नाव लावतील. आपण साफ करू, मग देऊ. चुनखडी आंबटात विरघळते आणि हाड बरंच टिकतं, हे पुस्तकात वाचून मीच त्याला सांगितलं. पाणी घातलेल्या व्हिनेगरात गोळा चार तास ठेवायचा, काढायचा, दोन दिवस साध्या पाण्यात ठेवून धुवायचा, वाळवायचा, उघड्या पडलेल्या हाडावर बिनरंगाच्या नेलपॉलिशचा हात द्यायचा आणि मग पुन्हा आत. चार तासांवर जायचं नाही, कारण मग आंबट हाडातही शिरतं. एका खेपेला ज्वारीच्या दाण्याएवढी चुनखडी सुटायची. मला असला धीर नाही, रुमावला होता. म्हणून असं ठरलं की दगड त्याच्याकडे आणि चोपडी माझ्याकडे. चोपडीत जागेची नोंद होती, बाभळीपासून किती पावलं, कोणत्या थरात, आणि रुमावनं काढलेली चित्रं. जागा माहीत नसलेला जबडा शोभेचा दगड, आणि जबडा नसलेली चोपडी रद्दी. दोघांपैकी एकट्याला कधी मिरवता येऊ नये म्हणून ही वाटणी. हसत हसत केली, पण केली.

निवृत्त झाल्यावर तो दगड घेऊन वटारला गेला. मी फोनवर विचारायचो, "कुठवर आलं?" तो म्हणायचा, "दुसऱ्या दाताचं मूळ दिसून राहिलं." मग हळूहळू त्याची आठवण जायला लागली आणि फोनवर वहिनीच बोलू लागल्या. यंदा आमची जुनी विद्यार्थिनी वैशाली, जी आता नागपुरात असल्याच हाडांचा अभ्यास करते, मला म्हणाली, "सर, आहे तसा आणा. दोघांचं नाव मी स्वतः लिहीन." दिवाळी उरकली आणि मी स्टीलचा डबा, कापसाची गुंडाळी, ती चोपडी आणि दोन डझन संत्री घेऊन निघालो.

आचोळे, रविवार

रुमावचा मुलगा मेल्विन नालासोपारा पूर्वेला आचोळ्यात राहतो. वरोऱ्यात असताना माझ्या सायकलच्या नळीवर बसून शाळेत यायचा, आता पाचव्या मजल्यावर दोन खोल्यांचा धनी झालाय. लिफ्ट बंद होती. पाच मजले चढून मी दारात बसलोच, तर तो म्हणाला, "काका, टेन्शन नका घेऊ, आम्ही पण असेच बसतो."

आमच्याकडे पाहुणा आला की आधी पाणी, मग ख्यालीखुशाली, मग तासाभरानं चहा. आचोळ्यात पाणी, चहा, नाश्ता आणि संडासाचा रस्ता पहिल्या पाच मिनिटांत दाखवून होतो. मला ते आवडलं. संत्री बघून मेल्विनच्या बायकोनं ती लगेच फ्रीजमध्ये टाकली आणि माझा जीव कळवळला. संत्र्याला थंडी दाखवायची नसते.

मेल्विननं बापाचं सांगितलं. "काका, आधीच बोलून ठेवतो, ते तुम्हाला ओळखतीलच असं नाही. सप्टेंबरमध्ये विहिरीपाशी पडले. नशीब, बाहेरच्या बाजूला पडले. घराच्या मागे खोप आहे ना, त्यांचे दगड असतात ती, तिकडे सारखे जायचे. म्हणून मी सरळ कुलूप लावलं. चावी इकडे आणून ठेवली. मम्मीकडे ठेवली असती तर मम्मीनं दिली असती."

"बरं केलंस," मी म्हणालो.

त्यानं फ्रीजवरून चावी काढून माझ्या हातात ठेवली. "तुमचा तो दगड आतच असेल. घेऊन जा काका. तो गेला की ते पण तिकडे जायचे थांबतील."

दुपारी पाहुण्याला काहीतरी दाखवलं पाहिजे म्हणून तो मला मोटारसायकलवर बसवून कामणजवळ चिंचोटीच्या धबधब्याकडे घेऊन गेला. पावसाळ्यात तिथे म्हणे पाय ठेवायला जागा नसते आणि दरवर्षी कोणीतरी बुडतं. आता कार्तिकात पाणी बोटभर जाडीचं होतं. झाडीत चिप्सच्या पिशव्या अडकल्या होत्या. मी मात्र दगड बघत बसलो. सगळा काळा, लाव्ह्याचा. आमच्या डायनासोरांच्या शेवटच्या दिवसांत हा लाव्हा वाहायला लागला होता. आमच्याकडे त्याच्या खाली आणि मधे मातीचे थर आहेत, त्यात हाडं टिकली. इथे थरावर थर नुसता लाव्हाच दिसतो.

मेल्विन म्हणाला, "पप्पा इथे यायचे ना, रिटायर झाल्यावर. दगड चाटायचे. मी बोलायचो, पप्पा, लोक बघतायत. ते बोलायचे, इथे काही मिळणार नाही, पण सवय जात नाही."

मी एक खडा उचलून जिभेला लावला. चिकटला नाही. मेल्विन इतका हसला की त्याला ठसका लागला. त्या दिवशी मी सुखात होतो, हे मला आता लिहिताना मुद्दाम नोंदवावंसं वाटतं.

वटार, सोमवार

सकाळी नालासोपारा पश्चिमेहून रिक्षानं वटारला. शेजारी कोळीण बसली होती, पायाशी पाटी. वळणावर पाटी कलली. "मास्तर, पिशवी वर घ्या, पानी आलंय," ती म्हणाली, पण तोवर मासळीचं पाणी पिशवीत शिरून माझा कापूस भिजला होता. मी मास्तर आहे हे तिनं कशावरून ओळखलं, देव जाणे. "कापूस कशाला?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "दात आणायचे आहेत." तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पाटी माझ्यापासून लांब ओढून घेतली.

स्टेशनकडच्या इमारती संपल्या की दहा मिनिटांत दुसरा मुलूख लागतो. केळीच्या बागा, नारळ, भाजीचे वाफे, प्रत्येक वाडीत विहीर, वळणावळणावर पांढरा क्रूस आणि त्याला ताजा हार. आमच्याकडे शेत गावाबाहेर असतं. इथे घर शेतात असतं, दार उघडलं की केळ अंगावर येते. बागेत एक म्हातारा पाण्याचा पाट मोडत होता, त्याला मी रुमावांचं घर विचारलं. "अर्धी वाडी रुमावच आहे. कुठला रुमाव पाहिजे?" म्हटलं, इनास मास्तर. "वरोऱ्याचा मास्तर होय!" तो म्हणाला. माझ्या मित्राला त्याच्या जन्मगावात वरोऱ्याचा म्हणतात आणि वरोऱ्यात आम्ही त्याला आयुष्यभर वसईचा म्हणत आलो.

मार्था वहिनी ओट्यावरच होत्या. "आले बाप्पा एकदाचे!" म्हणून त्यांनी दोन्ही हात जोडले. त्यांची वऱ्हाडी अजून शाबूत आहे. रुमाव वेताच्या खुर्चीत बसला होता. दाढी केलेली, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, हात मांडीवर. निम्मा राहिला होता.

"रुमाव, ओळखलं का? मी ढवस."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, उभा राहायला गेला. "बसा. मुलगा कितवीत आहे तुमचा?"

पालक आले की तो असंच म्हणायचा. मी खाली बसलो, दुसरं काय करणार. थोड्या वेळानं त्यानं वहिनींकडे वळून विचारलं, "अकरा वाजले का?"

"अजून नाही," वहिनी म्हणाल्या.

घड्याळात सव्वाबारा झाले होते. वहिनी माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "तुम्हाला फोनवर सांगितलं होतं ना, तेच."

सांगितलं होतं खरं. रुमाव विहिरीपाशी पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनींचा फोन आला होता. "भाऊजी, हे कालपासून सारखं विचारतात, अकरा वाजले का. वाजले म्हटलं की उठून मागं जातात, कुलूप बघतात, परत येऊन बसतात. कशाचे अकरा, तुम्हाला काही माहीत आहे का?" आमच्या शाळेत मधली सुट्टी अकराला व्हायची. मी म्हटलं, "वहिनी, मास्तरच तो. घंटेची वाट बघत असेल. चहा देऊन टाका." दोघंही हसलो होतो. पुढे त्यांना उपाय सापडला. 'अजून नाही' म्हटलं की तो उठत नाही, म्हणून त्या दिवसभर तेच सांगतात.

जेवायला तांदळाची भाकरी आणि इंद्याल होतं. मसाल्यात आणि व्हिनेगरात मुरवलेलं मटण. तिखटात आम्हा वऱ्हाड्यांना कोणी हरवत नाही, पण त्या आंबटानं माझ्या कवळीखालच्या हिरड्या झिणझिणल्या. व्हिनेगर वहिनी घरीच करतात, माडीपासून. पडवीत बरण्यांची रांग होती आणि घरभर तोच वास. पहिला तासभर तो नाकात बसतो, मग जाणवेनासा होतो. नंतर सुकेळी दिली, वाळवलेली मधासारखी केळी. रुमावनं एक घेतलं, अर्धं मोडून माझ्या ताटात ठेवलं. शाळेच्या डब्यातलं तो नेहमी असंच अर्धं द्यायचा. मला वाटलं, आता ओळखेल. ओळखलं नाही.

तिसऱ्या प्रहरी मी चावी घेऊन खोपीत गेलो. बाहेर फवारणीचा पंप, फावडी, आत त्याचं टेबल. खोक्यांतून आमची जन्माची कमाई, विष्ठेचे दगड, एकेकावर पांढरी पट्टी आणि काळ्या शाईत नंबर. जबडा नव्हता. टेबलाच्या खणात नव्हता, कपाटात नव्हता. मी ओट्यावर येऊन रुमावच्या समोर उकिडवा बसलो.

"रुमाव, जबडा कुठं आहे?"

"कामात आहे," तो लगेच म्हणाला. अगदी पूर्वीच्या आवाजात. आणि मग, "अकरा वाजले का?"

"अजून नाही," मीही म्हणालो.

संध्याकाळी त्यांनी रोझरी म्हटली, मेरीमातेची जपमाळ. प्रार्थना त्याला पाठ होती, एक शब्द चुकला नाही. मी मागे बसून ऐकलं आणि मनात म्हटलं, बाई, तुला जमत असेल तर एवढा दगड दे. कोणाच्या देवाकडे काय मागतोय ह्याचं भान मला नव्हतं.

वटार, मंगळवार

सकाळी वहिनी बरण्या पुसत होत्या. "ही रांग बघा, एक कमी आहे," त्या सहज म्हणाल्या. "यांनी नेली कधीतरी. यांना सांगून काय उपयोग."

मी पुसायचं फडकं त्यांच्या हातून घेतलं की टाकलं, आठवत नाही. खोपीत गेलो. टेबलाच्या मागे, खताच्या रिकाम्या गोण्यांच्या आड, भिंतीच्या कोनाड्यात बरणी होती. वर बशी झाकलेली. बरणीला टेकून शाळेची पाटी उभी होती, आणि पाटीवर रुमावच्या वळणदार अक्षरात दोन ओळी होत्या.

आत: ७
बाहेर: ११

तारीख नव्हती. तारखेची गरज त्याला कधी पडली नव्हती, चार तासांचंच तर काम.

मी गोण्यांवर बसलो. अकरा वाजले का, अकरा वाजले का. सकाळी सातला त्यानं गोळा आत ठेवला, मधल्या वेळात विहिरीपाशी गेला आणि पडला. डॉक्टर, पट्ट्या, धावपळ. संध्याकाळी लेकानं कुलूप लावून चावी आचोळ्याला नेली. आणि हा खुर्चीत बसून विचारत राहिला. त्याला वेळ आठवत होती. कशाची वेळ ते तेवढं आठवत नव्हतं. कुलपापर्यंत पाय जात होते आणि तिथून पुढचं सांगायला शब्द नव्हते. ह्या जगात त्या प्रश्नाचा अर्थ कळू शकेल असा दुसरा एकच माणूस होता. त्याला दुसऱ्याच दिवशी फोन आला होता. त्यानं सांगितलं, चहा देऊन टाका.

एका दिवसात सगळं गेलं नसतं. दात तरी राहिले असते.

वहिनी दारात येऊन उभ्या होत्या. "सापडलं का?"

दुसऱ्या कुठल्याही घरात ती बरणी आठवड्यात सापडली असती. आमच्या घरी तर वासानंच शेजारणी गोळा झाल्या असत्या. इथे वासाचं कोणाला काय वाटणार? मी बशी काढली. वरचं पाणी धुरकट झालं होतं. खाली गाळ, बोटभर.

बरणी अंगणात आणली. वहिनींचं पातळाचं फडकं परातीवर ताणून त्यावर हळूहळू ओतली. फडक्यावर राहिली करडी माती, थोडी वाळू, आणि भिजल्या पोह्यांसारखे पिवळट कण. नेलपॉलिशचे पापुद्रे होते, आत काहीच नसलेले, जबड्याच्या आकाराचे वाकलेले. बोट लागताच तेही दुमडले. मातीत एक दात दिसला. खरंच दिसला, धारेसकट, मागे वळलेला. मी श्वास रोखून त्याला चिमटीत धरला आणि तो माझ्या बोटांत साखरेसारखा विरला.

बोटावर राहिलेला कण मी जिभेला लावला. का लावला, विचारू नका. नुसतं आंबट लागलं. चिकटलं काहीच नाही.

मी रडलो. परातीपुढे बसून, मोठ्यानं, आई गेली तेव्हा रडलो होतो तसा. कोट्यवधी वर्षं तो जबडा मातीत राहिला. त्याच्यावरून लाव्हा गेला, नद्या गेल्या, नांगर फिरले, त्याला काही झालं नाही. मग तो दोन शहाण्या मास्तरांच्या हाती लागला. नाव आपलं लागावं म्हणून मी तो दिला नाही, आणि आता नाव लावायला काही उरलं नाही. पुन्हा शोधायला तो नालाही आता तसा नाही. खोलीकरणाच्या यंत्रानं तो काठ कधीच उचलून नेला.

वहिनी बाजूला बसल्या. परात बाजूला सारून म्हणाल्या, "भाऊजी, कुलपानं झालं का हे? खरं सांगा. मेल्विनला नाही सांगणार."

"नाही वहिनी. माझ्यामुळं झालं."

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी पाहुणा म्हणून, मोठेपणानं बोलतोय असं त्यांना वाटलं. मग त्यांनी विचारलं, हा गाळ केळीत टाकू का. मी हो म्हटलं. त्यांच्या बागेतल्या एका केळीच्या बुंध्याशी आमचा डायनासोर आहे. पाटी मी पुसली नाही, तशीच कोनाड्यात ठेवली आणि खोपीला कुलूप लावलं. सवयीनं.

दुपारची गाडी होती. निघताना रुमावच्या पाया पडावंसं वाटलं, पण तो माझ्याहून तीन महिन्यांनी लहान. मी खुर्चीजवळ वाकलो. त्यानं माझ्या पिशवीतून डोकावणारी चोपडी पाहिली, काळ्या पुठ्ठ्याची. हात लांब करून पुठ्ठ्यावरून बोट फिरवलं. मग वर पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावर तो आला, आमचा रुमाव, वरोऱ्याच्या उन्हातला.

"ढवस," तो म्हणाला. "काहून बे, अकरा वाजले का?"

वहिनी मागून 'अजून नाही' म्हणायला तोंड उघडत होत्या. मी हातानं त्यांना थांबवलं.

"वाजले," मी म्हणालो. "काढला मी बाहेर."

"धुतला?"

"धुतला."

"दात?"

"तिन्ही आहेत. धारेसकट. मुळं पण मोकळी झाली, रुमाव. तुझ्या हाताला तोड नाही."

त्यानं मान हलवली. मोठा श्वास सोडला आणि पाठ खुर्चीला टेकवली. आल्यापासून पहिल्यांदाच त्याची पाठ मी टेकलेली पाहिली. "आता नागपूरला दे," तो म्हणाला. "नाव कोणाचं का लावेनात."

वरोरा

वैशालीला मी खरं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सर, चोपडी तरी द्या." मी दिली नाही. काय करणार ती घेऊन? त्यात रुमावनं काढलेली तीन दातांची चित्रं आहेत, पेन्सिलीची, फार सुंदर. चित्रावरून कोणी प्राणी मानत नाही, आणि तेच बरोबर आहे. डबाही रिकामाच परत आला. सौभाग्यवतींनी धुऊन त्यात शेवया भरल्या.

गेल्या रविवारी वहिनींचा फोन आला. आवाज मोकळा होता. म्हणाल्या, "भाऊजी, तुमचे उपकार कसे फेडू? तुम्ही गेल्यापासून हे अगदी शांत आहेत. उठत नाहीत, मागं जात नाहीत. अकरा तर एकदाही विचारलं नाही."

"मग काय विचारतो?"

"काहीच नाही," त्या म्हणाल्या. "बोलतच नाहीत आता. भरवलं तर जेवतात. मेल्विनलाही ओळखत नाहीत. रोझरीतही ओठ हलत नाहीत. नुसते टेकून बसलेले असतात." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही त्यांना त्या दिवशी काय सांगितलंत हो?"

मी म्हटलं, "अकरा वाजले म्हणून सांगितलं, वहिनी."